गजाननरावांचा अर्ज

पिपलानीच्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गजाननराव पांढरीपांडे अकरा वर्षं अभ्यास करत होते. कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात ते कारकून. नोकरी सांभाळून विद्यापीठाचं बी.कॉम. केलं आणि मग कॉस्ट अकाउंटन्सीच्या नादी लागले. परीक्षा मोठी खवीस! एका गटातले तीन पेपर सुटले आणि चौथा दोन मार्कांनी हुकला, की चारही पुन्हा द्या. गजाननराव मुकाट्याने पुन्हा द्यायचे. डोक्यावरचे केस गेले तेव्हा कुठे पास झाले. कॉलनीने पेढे खाल्ले आणि विचारलं, "मग, आता साहेब का?"

साहेब कसले! कारखान्यात ऑफिसर यायचे ते बाहेरून, थेट भरतीने. विश्वास साने असाच पुण्याहून आलेला सी.ए. सहा महिने गजाननरावांच्या टेबलाशी बसून, "सर, सर" करत तो स्टोअरच्या मालाचं मूल्य काढायला शिकला. सातव्या महिन्यात केबिनमध्ये गेला आणि गजाननराव त्याला साहेब म्हणू लागले.

अशात नागपूरच्या एका सरकारी कंपनीची जाहिरात आली. हिशेब अधिकारी पाहिजे, वय बेचाळीसच्या आत. गजाननरावांना बेचाळीस पुरी व्हायला चार महिने उरले होते. जागा वरच्या श्रेणीची, गाव आपलं, मंदाकिनीवहिनींचं माहेर हाकेच्या अंतरावर. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. फक्त सरकारी नोकरांनी अर्ज आपल्या ऑफिसमार्फत करायचा होता.

"अहो, एक कॉपी सीधी पाठवून द्या ना," वहिनी म्हणाल्या. "सगळेच पाठवतात."

"छे! थ्रू प्रॉपर चॅनल म्हणजे थ्रू प्रॉपर चॅनल."

खरोखर, अशा माणसाच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. अर्धी कॉलनी अर्जाची एक प्रत गुपचूप टपालात टाकून मोकळी व्हायची, आणि यांचं नियमावर असं प्रेम! सुवाच्य अक्षरातला अर्ज सान्यांच्या टेबलावर गेला. तीन आठवड्यांनी गजाननरावांनी केबिनच्या दारातून भीत भीत विचारलं.

"गेला हो कधीच!" साने हसून म्हणाले. त्या दिवशी घरी शिरा झाला.

दोन महिने वहिनी पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसल्या. इंटरव्ह्यूचं पत्र काही येईना. मग एका सोमवारी शिपायाने गजाननरावांपुढे एक फाईल आणून टाकली. सान्यांना कार्यमुक्त करायचं होतं. त्यांची नागपूरला निवड झाली होती, त्याच जागेवर. गजाननरावांचा अर्ज आत तसाच टाचलेला, आणि त्यावर शेरा होता: 'एका सेक्शनमधून दोघांना सोडता येणार नाही. श्री. पांढरीपांडे यांच्यावाचून काम अडेल. अर्ज पुढे पाठवू नये.' खाली सही सान्यांची, आणि तारीख अर्ज दिला त्याच दिवसाची.

गजाननरावांनी फाईल मिटली. इतक्यात साने स्वतःच टेबलाशी आले.

"रागावला नाहीत ना? तारीफच लिहिलीय तुमची."

"नाही साहेब."

"आणि हो, क्वार्टर मिळेपर्यंत नागपुरात एखादी खोली बघून द्या की. तुमची सासुरवाडी तिथलीच ना?"

गजाननरावांनी सासऱ्यांचा पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. रोज वहिनी विचारायच्या आणि रोज ते म्हणायचे, "येईल."

महिन्याभराने पत्र आलं ते सासऱ्यांचं. चहा पिता पिता वहिनींनी ते मोठ्याने वाचायला घेतलं.

'विश्वासरावांना माडीवरची खोली दिली आहे. मुलगा फार गुणी. एवढ्या लहान वयात केवढी जागा मिळवली! जाहिरात तर तुमच्याच ऑफिसात आली होती म्हणतात. मग जावईबापूंनी अर्ज का केला नाही?'

शेवटची ओळ वहिनींनी पुन्हा एकदा वाचली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.