धण्या-जिऱ्याचं पाणी

भावाला लघवीला जळजळ व्हायला लागली, तेव्हा आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही. खानदेशातला वैशाख, त्यात धरणगावच्या जिनात दिवसभर कापसाच्या धुळीत उभं राहायचं, मग उन्हाळी लागणारच. आईनं धणे-जिरे भिजत घातले, सब्जा घातला. वहिनी नवी होती, लग्नाला तीन महिने झालेले. ती पदर सावरत तांब्या नेऊन द्यायची. पंधरा दिवसांत भाऊ उठून कामाला गेला. पाणी लागू पडलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पावसाळा संपता संपता वहिनीचं ओटीपोट दुखायला लागलं. संध्याकाळी ताप भरायचा. अंगावरून पिवळट जायचं आणि त्याला वास यायचा. कापूस वेचताना ती मध्येच बांधावर बसायची, तर आई म्हणायची की सुनेला बसायला कारणच लागतं. भावाचं दुखणं आणि वहिनीचं दुखणं यांच्या मध्ये एक अंथरूण होतं. पण अंथरुणाचं नाव घरात कोण काढणार?

पुढं मी शिकायला जळगावला आले, मेहरूणला मावशीकडे राहिले आणि तिथल्या बायकांच्या एका मंडळात शिरले. मंडळाची आरोग्याची पत्रकं होती. ती मी तोंडपाठ केली. विटाळाची फडकी उन्हात वाळवा, सुइणीला आधी हात धुवायला लावा, अंगावरचं दुखणं लपवू नका. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सुट्टीत घरी आले ती हे सगळं अंगात भिनवूनच.

वहिनीची फडकी गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे वाळायची. पुरुषाची नजर पडू नये म्हणून उजेडही पडू द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. हात लावला तर ती ओलसर आणि कुबट. मी ती बाहेर काढली, उकळत्या पाण्यात टाकली आणि परसात भर उन्हात वाळत घातली. आईनं ओढून काढली, मी पुन्हा घातली. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी आईनं नाद सोडला आणि मला वाटलं, जिंकले.

वहिनीचा ताप मात्र तसाच होता. लग्नाला तीन वर्षं होत आलेली, पाळणा हललेला नव्हता आणि आई सवतीची भाषा बोलायला लागली होती. म्हणून मी वहिनीला आगगाडीत घातलं आणि जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी पडद्यामागे तिला तपासलं. बाहेर येऊन हात धुतले आणि मला विचारलं, नवऱ्याला कधी लघवीला जळजळ झाली होती का? मी चटकन सांगितलं, हो, उन्हाळी लागली होती, पण पंधरा दिवसांत बरी झाली.

"बरी नाही झाली," त्या म्हणाल्या. "दबली. त्याला परमा आहे, अंगसंगातून लागणारा रोग. तोच त्यानं हिला दिला."

मग त्यांनी कागदावर गर्भाची पिशवी काढली आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक नळ्या. पुरुषाची जळजळ आपोआप थांबते, पण रोग अंगात राहतो. बाईला तो लागला की पिशवीतून वर चढतो, या नळ्या सुजतात, आत पू होतो. वेळेवर औषध मिळालं तर निभावतं. नाही तर नळ्या आतून चिकटतात आणि मूल राहत नाही. राहिलंच तर कधी नळीतच अडकतं आणि बाईच्या जिवावर बेततं. हिच्या नळ्या बहुधा चिकटल्याच असाव्यात, असं त्या म्हणाल्या. लढाईमुळे औषधाचा तुटवडा होता, तरी त्यांनी गोळ्यांच्या दोन पुड्या बांधून दिल्या. दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या आणि दोघं बरी झाल्याचं त्या तपासून सांगेपर्यंत जवळ यायचं नाही, हे त्यांनी वहिनीकडून वदवून घेतलं.

परत येताना मी सगळी पत्रकं मनात चाळली. फडकी, सुईण, बाईची स्वच्छता. नवऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. दोन वर्षं मी बाईलाच धुवायला सांगत हिंडत होते.

भावानं पुडी कोनाड्यात टाकली. मी धडधाकट माणूस, बायकांची औषधं कशाला खाऊ, म्हणाला. वहिनीनं आपली पुडी नेमानं संपवली. ताप गेला. ती कमरेत ताठ चालायला लागली, एकदा तर विहिरीवर हसताना मी तिला ऐकलं. भावाला लांब ठेवणं काही तिच्या हातात नव्हतं. महिन्याभरात ती पुन्हा पोट धरून बसली.

माझं डोकं फिरलं. ओसरीत आई, भाऊ आणि मामा बसले होते, त्यांच्यासमोर मी सगळं बोलले. रोग कुणाचा, कुणी कुणाला दिला, नळ्या कशा चिकटल्या, मूल होणं आता कसं अवघड. मला वाटलं, यांच्या माना खाली जातील. भाऊ उठून बाहेर गेला. आईनं त्यातलं हवं तेवढंच उचललं.

"म्हंजे हिले पोर व्हनार नही. डाक्टरबाईनीच सांगं ना?"

इतके दिवस सवत आणायला आईकडे पक्कं कारण नव्हतं. ते मी आयतं नेऊन दिलं. आठ दिवसांत एदलाबादकडची मुलगी बघून झाली.

वहिनी रडली नाही. मला गोठ्यात गाठून एवढंच म्हणाली, "ताई, त्या पोरीले तू सांगशी ना?"

मी गेले. पत्रकं वाटायचं निमित्त करून मुलीच्या आईसमोर बसले आणि सरळ सांगितलं की माझ्या भावाला जळजळ झाली होती, ती उन्हाळी नव्हती, आधी त्याला औषध घ्यायला लावा, मग लग्नाचं बघा. मुलगी दारामागे उभी होती, सोळा वर्षांची असेल. तिच्या आईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. नणंदेला जुन्या भावजयीचा पुळका आला, असंच तिला वाटलं असणार.

"माणसाले उन्हायी लागतेच, बाई. आपल्याकडचं ऊन का कमी हाय?" असं म्हणून तिनं माझ्यापुढं सब्जाचं पाणी ठेवलं.

लग्न झालं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी घरी गेले. निंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. नवी सून झोक्यावर नव्हती. आतल्या खोलीत ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि वहिनी तव्यावर कोंडा गरम करून तिचं ओटीपोट शेकत होती. मी विचारायच्या आधीच वहिनी म्हणाली, "हिलेबी लागनं."

कोनाड्यातली पुडी तशीच होती. कागद पिवळा पडला होता, दोरा सुटलेला नव्हता.

बाहेर आई धणे पाखडत होती. भावाला पुन्हा जळजळ होत होती.

वहिनीनं कोंड्याची पिशवी खाली ठेवली, सवतीला काखेत हात घालून उठवलं आणि तिच्या डोक्यावर पदर नीट केला. "चाल, जळगावले जाऊ," म्हणाली. सण आहे, आज कुठं जाता, असं आई ओरडली. दोघी थांबल्या नाहीत. मी पुडी उचलली आणि ओसरीत भावासमोर जाऊन उभी राहिले. तू पण चल, म्हटलं.

त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि धण्या-जिऱ्याचं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.