छत्रीआडची शिंक

निजामाच्या अमलात एकदा खोकल्याच्या तापाची साथ आली, आणि नेमकी तेव्हाच माझी दाढ ठणकू लागली. त्याच मुलखातल्या वाशीच्या बाजारात दात काढणारा एकजण फडक्यानं तोंड बांधून बसला होता. शेजारी चिमटा उकळत होता.

"मिठाच्या पाण्यानं गाल भरा, मालक. गिळू नका," म्हणत त्यानं आमच्या दोघांत छत्री उघडली आणि तिच्याआडून तहसीलदारांची शिंक हुबेहूब काढली! मला हसू फुटलं. सगळं पाणी छत्रीवर.

"धुतलं तोंड!" छत्री बाजूला झाली, आणि माझं हसू संपायच्या आत दाढ बाहेर.

"हसत्याचा दात लवकर निघतो," तो म्हणाला, "पर थुंकी लई लांब उडते."

त्याचं तोंड मी कधीच पाहिलं नाही. माझ्या तोंडाचा मात्र त्यानं पार तळ पाहिला.