चुन्याचं रिंगण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमची अकरा जणांची डिटॅचमेंट फायरिंग रेंजवर पोहोचली. सातारा जिल्हा जिथे संपतो आणि सांगली जिल्हा सुरू होतो, तिथला तो माळ. नेमका कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे तिथे उभं राहून कळत नाही. दोन्हीकडे मुरूम आणि कुसळं. मी सुभेदार, गाव आष्ट्याजवळ. अठ्ठावीस वर्षं देशाच्या टोकांवर काढल्यावर शेवटच्या वर्षी घरापासून तीन तासांवर पोस्टिंग मिळालं. बायको फोनवर म्हणाली, "आता जेवायलाच येत जावा की रोज."

काम सरळ होतं. ०५०० ला टार्गेट लावायची. ०५४५ ला लाल झेंडा वर. ०६०० ते ०९०० फायर. झेंडा वर असताना फायरिंग लाइनच्या पुढे कोणी जायचं नाही, हा नियम. झेंड्यापाशी सेंट्री म्हणून नाईक पवार असायचा. पाटणकडचा, कमी बोलणारा. मे महिन्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुर्बीण दिली.

"साहेब, माळटिटवी बसलीया. तिसऱ्या टार्गेटच्या उजवीकडं, रस्त्याच्या कडंला."

मी पाच मिनिटं पाहिलं. मुरूम दिसला.

"मला तर काय दिसंना रं."

"आवं, तेच तर तिचं काम हाय."

मग तिनं मान वळवली आणि चोचीजवळची पिवळी लोंबती कातडी दिसली. खाली चार अंडी. घरटं म्हणजे मातीत एक खळगा आणि भोवती दोन-चार खडे. एवढ्या साध्या मोर्चाला, म्हणजे लपून बसायच्या खंदकाला, आमच्या इंजिनिअर्सनी मंजुरी दिली नसती.

त्यानंतर रोज फायर संपला की आम्ही दोघं पंधरा मिनिटं बघायचो. नर-मादी आळीपाळीनं बसत. दुपारी ऊन चढलं की एक जण आमच्या पाण्याच्या ट्रॉलीखाली यायचा, गळतीच्या डबक्यात पोट भिजवायचा आणि ओल्या पोटानं जाऊन अंड्यांवर बसायचा. पवारनं गळका नळ दुरुस्त करायचं टाळलं. मी रिपोर्टमध्ये 'वॉशर उपलब्ध नाही' असं लिहिलं. गोळीबाराला ती दोघं आठवड्यात सरावली. लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, उष्ट्यावर माळभरचे कावळे जमायचे, पण सव्वीस दिवसांत एकालाही ते घरटं सापडलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी तीन पिल्लं बाहेर आली. चौथ्या अंड्याला तडा गेला होता. त्याच दिवशी फोन आला : उद्या ११०० ला ब्रिगेडियर साहेब येणार, टार्गेटपर्यंत गाडीनं जाणार.

आमच्याकडे मोठा साहेब येणार म्हटलं की रायफलीच्या आधी चुन्याचं पोतं उघडतं. झाडांची खोडं, रस्त्याकडचे दगड, झेंड्याचा चौथरा, सगळं पांढरं झालं. गाडी जाणार होती तो रस्ता घरट्याला लागूनच होता. मी पवारला म्हणालो, "घरट्याभोवती दगडांचं रिंगण कर. चुना लाव. ड्रायव्हरला लांबून दिसलं पाहिजे."

"साहेब, चुना नगं."

"का?"

"आपन मोर्चाला चुना लावतो व्हय?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या खांद्यावर स्टार मात्र दोन होते.

"लाव म्हटलं ना."

"जी, साहेब."

संध्याकाळी सहापर्यंत रिंगण झालं. बावीस दगड, सारख्या अंतरावर. पवारचं काम नेहमीच नीटनेटकं असे.

दुसऱ्या दिवशी ०६०० ला फायर सुरू झाला. ०६११ ला वायरलेस सेटवर पवार बोलला.

"साहेब, घरट्यावर कावळं. दोन."

मी दुर्बीण लावली. एक कावळा रिंगणाबाहेर उतरून टिटव्यांना अंगावर घेत होता. दोघी ओरडत त्याच्यावर झेपा घेत होत्या. दुसरा सरळ आत चालत गेला.

"सीज फायर म्हना साहेब. म्या जातो."

अकरा वाजता साहेब. त्याआधी तीन प्रॅक्टिस बाकी. एक थांबवली की पुढचं सगळं वेळापत्रक सरकणार.

"निगेटिव्ह. जागा सोडू नको."

"साहेब, दोन मिंटं फकस्त..."

"निगेटिव्ह. आउट."

आईबापानं धोक्याची हाक दिली की माळटिटवीचं पिल्लू जमिनीला चिकटतं आणि हलत नाही. मुरमावर ते तीन पावलांवरूनही दिसत नाही. एरवी त्यानंच ते वाचतं. आईबाप हाक देत राहिले. पिल्लं चिकटून राहिली. कावळ्याला माळ शोधायचा नव्हता, बावीस दगडांच्या आतली जागा तेवढी तपासायची होती. पहिलं ०६१२ ला. दुसरं ०६१४ ला. तिसरं ०६१९ ला. एकही पळालं नाही. चौथं अर्धं कवचात होतं, ते त्यानं कवचासकट नेलं.

पवार जागेवर उभा होता. त्याला हुकूम होता.

११०५ ला ब्रिगेडियर साहेब आले. रिंगण पाहून गाडी थांबवली, खाली उतरले, मोबाइलवर फोटो काढून घेतला. डोक्यावर दोन्ही टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या.

"ये इतना शोर क्यों कर रहे हैं?"

"सर, आदत है."

"बच्चे?"

"सर, घोंसले में नहीं हैं."

या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. लष्करात असं उत्तर देता येणाऱ्या माणसाची नोकरी पूर्ण होते.

"वेरी गुड, साहब. रेंज के सारे घोंसले ऐसे ही मार्क करो. हर हफ्ते रिपोर्ट भेजो."

महिन्याभरात मला शाबासकीचं पत्र आलं. पवारनं दर सोमवारी माळ फिरून यायचं आणि मला आकडा सांगायचा, असं ठरलं.

"किती घरटी?"

"निल, साहेब."

पहिल्या सोमवारी तो असं म्हणाला तेव्हा त्याची नजर पूर्वेच्या ओघळीकडे जाऊन परत आली. मी तिकडे दुर्बीण लावली नाही. 'निल' लिहून सही केली. पुढचे सगळे सोमवार तसेच. जुलैत सामान ट्रकमध्ये भरताना ओघळीवरून पाच माळटिटव्या उडाल्या. त्यातल्या तिघींचं उडणं अजून कच्चं होतं. पवार दोर आवळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मी दोराचं दुसरं टोक धरलं.

आता गावात पंधरा ऑगस्टला शाळेत भाषणाला बोलावतात. हार घालतात, शहीद जवानांच्या आठवणी सांगा म्हणतात. माझ्या पलटणीतले दोघं गेले. त्यांची नावं घेतो, मुलं टाळ्या वाजवतात. टाळ्या का, हे मला अजून समजलेलं नाही. ते दोघं शत्रूच्या गोळीनं गेले.

माझ्या हुकुमानं गेले ते चौघं. तिघांचं वय एक दिवस. चौथ्याचं धरता येत नाही.