सोंड कुठल्या बाजूला?

बाबांनी मला तो कॅमेरा दिला तेव्हा तो त्यांच्या जुन्या पायजम्यात गुंडाळलेला होता. फोल्डिंग कॅमेरा. मिटलेला असताना वहीएवढा चपटा. कडेचं बटण दाबलं की झाकण खाली पडतं, बाजाच्या पेटीसारखा काळा भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला भिंग. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मी तो दहा वेळा उघडला आणि दहा वेळा मिटला. अकराव्या वेळी बाबा म्हणाले, "पुरे. बिजागरी जाईल."

मी खरं तर वेगळ्याच कामगिरीवर आले होते. बाबांनी आमच्याकडे शारजाला यावं म्हणून सहा वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. आई गेल्यापासून तर जास्तच. ते एकटे असायचे, आणि मी अल नहदातल्या अठराव्या मजल्यावर पोळी लाटताना ते जेवले असतील का याचा विचार करत असायचे. दर वर्षी त्यांचं नवीन कारण. एकदा गुडघा, एकदा घराला रंग, एकदा शेजारणीची मांजर आमच्या माळ्यावर व्यालेली. त्या दिवशी मी पुन्हा विषय काढला तर त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"यातनं एक फोटो काढून दाखव. मग येतो."

पंचवीस वर्षं तो कॅमेरा बंद होता. त्यांच्या मते भात्याला भोकं पडली होती, शटर अडकत होतं आणि फिल्म जगातून नाहीशी झाली होती. थोडक्यात, नाही म्हणायची ही नवी पद्धत होती. पण मीही त्यांचीच मुलगी.

शारजाला परत आले आणि बाथरूमचा दिवा घालवून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून, भात्याच्या आत फोनचा टॉर्च लावला. दोन चांदण्या चमकल्या. दोनच! त्या मी मुलीच्या काळ्या नेलपॉलिशनं बुजवल्या. हेच नेलपॉलिश आणलं म्हणून मी तिला आठवडाभर बोलले होते. ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "सो नाऊ इट्स यूजफुल?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

फिल्म दुबईत मिळाली. एका रोलमध्ये आठ फोटो. आठ म्हणजे आठ. फोनवर दोनशे फोटो काढून एकही न बघणारा माझा नवरा प्रत्येक वेळी म्हणायचा, "अजून एक घे ना, सेफ्टीला," आणि मी त्याच्याकडे असं बघायचे की तो गाडीत जाऊन बसायचा. फुजैराला समुद्रात थांबलेली जहाजं घेतली, रास अल खैमाचे उघडे डोंगर घेतले, आमची बिल्डिंग घेतली. प्रत्येक फोटोनंतर पाठीमागच्या लाल खिडकीत डोळा घालून, पुढचा आकडा येईपर्यंत खुंटी पिळायची. सहा झाले. उरलेले दोन गणपतीसाठी राखले.

आमचा गणपती दीड दिवसाचा, शाडूचा, वीतभर. त्या वर्षी पाटाखाली उंचीला म्हणून खजुराचा रिकामा खोका ठेवला आणि त्यावर आईची जुनी पैठणी टाकली. कॅमेरा स्टँडवर लावला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी, मध्ये बाप्पा. नवरा श्वास रोखून ओरडला, "कुणी हलू नका!" त्यात बाप्पाही आला असावा. पहिल्या वेळी मी हसले. दुसऱ्या वेळी नाही. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या बादलीत विसर्जन झालं आणि संध्याकाळपर्यंत बाप्पाचा चिखल झाला.

मग फिल्म धुणं. त्याला पाणी लागतं गार, आणि आमच्याकडे सप्टेंबरात नळाला येतो तो जवळजवळ चहा. इथले जुने लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडतात. मी तेच केलं. औषधाची बाटली फ्रिजमध्ये उरलेल्या मोदकाच्या सारणाशेजारी ठेवली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: हे खायचं नाही. भर दुपारी, अंधाऱ्या बाथरूममध्ये, घामानं निथळत मी फिल्म डब्यात गुंडाळली, औषध ओतलं, डबा हलवला, पुन्हा ओतलं, धुतलं. झाकण उघडून पट्टी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

होते! आठच्या आठ होते! काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, पण होते. मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर फुगडी घालायला लागले, एकटीच. नवरा धावत आला. त्याला वाटलं विंचू निघाला.

फिल्म वाळली. आता ती स्कॅन करायची होती, म्हणजे बाबांना फोनवर पाठवता येईल. एका बाईकडून जुना स्कॅनर आणला होता. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. कुठली वर ठेवायची? सोबतचा माहितीचा कागद केव्हाच हरवला होता. पण मी साड्या नेसणाऱ्या बाईची मुलगी. चकचकीत ती सुलट, मंद ती उलट, हे मला चौथीत कळलं होतं. चकचकीत बाजू वर ठेवली आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो वरून खाली उतरत आला. सोंडेवरची नक्षी दिसत होती, पैठणीचे मोर दिसत होते, माझ्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. मी लगेच बाबांना पाठवला. खाली लिहिलं: आता बॅग भरा.

पाच मिनिटांत फोन.

"हा गणपती कुणी आणला?"

"आम्हीच. का?"

"सोंड बघितलीस?"

मी बघितली. सोंड गणपतीच्या उजव्या हाताकडे वळली होती. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं कडक, त्यात जराही कमी-जास्त चालत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि आम्ही काय केलं होतं? भाड्याचा फ्लॅट, खजुराचा खोका, पूजा फोनवर लावून, आणि आरतीच्या मध्येच नवऱ्याला ऑफिसचा कॉल.

"उजवा म्हणजे आपला उजवा की गणपतीचा?" नवऱ्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं चार वेळा विचारला. मूर्ती तर बादलीत. त्याच्या फोनमध्ये फोटो होते ते फक्त मोदकांचे, ऑफिसच्या ग्रुपसाठी. मुलीच्या फोनमध्ये गणपतीबरोबर सेल्फी होता. तो बघितला. सोंड उजवीकडे. खलास!

"ऐक," बाबा फोनवर म्हणाले. "घाबरू नकोस. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करावी लागतील, त्या जागेवर बसून. तुमच्यापैकी कुणाला येतंय?"

"नाही."

"मग मलाच यायला पाहिजे. तिकीट काढ."

मी घाबरलेली होते आणि मला आनंद झाला होता, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात कुणाचा नंबर आधी ते ठरत नव्हतं. पण विचार बदलायच्या आत तिकीट काढलं. पैसे परत न मिळणारं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे चाचा आले. मूळचे रत्नागिरीचे, तीस वर्षं फुजैराच्या बंदरात नोकरी, आणि गणपतीत मोदकाला हक्काचे. या वर्षी ते ड्यूटीवर होते म्हणून उशिरा आले.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

मी सगळं सांगितलं आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला. सोंडेकडे त्यांनी बघितलंच नाही. ते बघत होते पैठणीखालून डोकावणाऱ्या खोक्याकडे.

"ये क्या लिखा है? हे तमर आहे. तमर म्हणजे खजूर. पण उलटं लिहिलंय." त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. "हबीबी, अरबी उजवीकडून डावीकडे असते. हे डावीकडून उजवीकडे चाललंय. पूरा फोटोच उलटा आहे!"

आम्ही तिघंही दहा वर्षं इथे राहतो, आणि तिघांनाही ती अक्षरं उलटीही तशीच दिसतात, सुलटीही तशीच. मी धावत जाऊन फिल्म पालथी घातली, पुन्हा स्कॅन केलं. सोंड शांतपणे डावीकडे. फुजैराची जहाजंही उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समुद्र मात्र होता तसाच.

"म्हणजे तू बाप्पाला अरबीत छापलंस," चाचा म्हणाले आणि मोदक तोंडात असतानाच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मग तुझा सेल्फी?" मी मुलीला विचारलं.

"मम्मा, सेल्फी इज मिरर्ड. एव्हरीवन नोज दॅट."

सगळे हसत होते. मीही हसत होते, पण मध्येच माझं हसू थांबलं. उजवी सोंड नाही, म्हणजे एकवीस आवर्तनं नाहीत. आवर्तनं नाहीत, म्हणजे फोटो निघाला असला तरी बाबा आणखी एक नवीन कारण काढणार. नवरा हळूच म्हणाला, "आल्यावर सांग ना." मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला गणपतीची भीती घालून विमानात बसवायचं, हे मला जमेना. चाचा गेल्यावर मी स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, सोंड डावीच आहे. मी फिल्म उलटी ठेवली होती. फोटो उलटा आला."

"तिकीट परत होतं का?"

"नाही."

"मग आता यावंच लागणार."

मला हुंदका आला. ते म्हणाले, "आणि उलटं आहे ते मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"फोटो उघडला तेव्हापासून. तीळ उजव्या गालावर होता तुझा."

मी गालाला हात लावला. डावा. मी स्वतःला रोज आरशातच बघते, मला कसं कळणार? समोर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. अठरा वर्षं संसार झालेला तो माणूस एकदम कॅलेंडर वाचायला लागला.

"बाबा, मग ते सोवळं? एकवीस आवर्तनं?"

"सहा वर्षं नाही म्हटल्यावर एकदम हो कसं म्हणायचं? लाज वाटते. सोंड मी नंतर बघितली गं. आधी तुला बघितलं."