भिंतीले दिलेला हुंकारा

आज अंगणात मोहफुलं वाळू घातले, अन् त्या गोडसर वासानं मी लॉकडाऊनच्या एका दुपारात जाऊन पोचली.

तवा आम्ही कुडवा गावात किरायानं राहत होतो, अन् तिथंबी अंगणात असेच मोहफुलं वाळत. भिंतीपल्याड कादंबऱ्या लिहिणारे काका एकटेच राहत. दिवसभर पुस्तकं वाचत, अन् दुपारी आपलं लिहिलेलं मोठ्यानं वाचत. "हुंकारा दे वो पोरी, नाई तं गोष्ट अडून राह्यते," म्हणत. मी इकडून "हूं" म्हणत राहो, अन् माही तान्ही पोरगी झोपून जाय.

एका सकाळी काकाले ॲम्बुलन्सनं नेलं, दाराले कुलूप लागलं. अन् दुपारी भिंतीतून वाचणं सुरू झालं, तोच आवाज, तोच खोकला. मधातच थांबला, हुंकाऱ्यासाठी. मी पदर तोंडात कोंबला. अन् मांडीवरची पोरगी भिंतीकडं पाहून "हूं" म्हणली. वाचणं पुढं चाललं.

संध्याकाळी समजलं, काका दुपारीच गेले.

तवा वाटलं, लेकराच्या तोंडून सहज निघालं असंल. आता पोरगी शाळेत जाते, घरबी दुसरं हाय. पण आज ती या घरच्या भिंतीले पाठ लावून बसली, अन् थांबून थांबून "हूं" म्हणून राहिली.

"कोनाले वो?" मी इचारलं.

"चूप राह्य ना माय, गोष्ट सरली नाई अजून."