मामाच्या भिंतीवरची नावं

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. परवा वसतिगृहाच्या दारांना ऑइलपेंट लावत होते आणि त्या वासाने मला नांद्याला, मामाच्या अंगणात नेलं.

मामा लग्नघरांच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावं रंगवायचा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्वतःच्याच भिंतीवर लिहीत होता: सुनंदा आणि प्रकाश. सुनंदा शेजारच्या तात्यांची मुलगी, प्रकाश त्यांचा लातूरकडचा भाडेकरू. दोघं आदल्या दिवशी पळून गेले होते.

तात्या तरातरा आले. "पूस ते. लगीन तरी लागलंय का त्यांचं?"

"लागंल."

"गावात परत काम मिळायचं न्हाई तुला."

"नका देऊ, तात्या. भिंत माझी हाय." मामाने ब्रश गुलाबी रंगात बुडवला आणि नावांखाली सावकाश वेल काढली.

तेव्हा मला मामाची लाज वाटली होती. आज वाटतं, प्रेमाच्या बाजूने बोलायला सगळेच कचरतात, म्हणून कुणीतरी ते मोठ्या अक्षरांत लिहायलाच हवं. गावाने मामाला पुन्हा बोलावलं नाही. त्यानेही नावं पुसली नाहीत, लग्न झालं की नाही हे ठाऊक नसताना.

काल मामाचा फोन आला. सुनंदाताई आपल्या मुलीला घेऊन त्याच्या घरी आली होती. लग्न ते पळून गेले त्याच आठवड्यात आळंदीला लागलं होतं.