इचोड्याजवळचं उदमांजर
प्राण्यांचे नमुने टिकवायच्या फॉर्मेलिनचा वास आला की मला इचोड्याजवळचा तो रस्ता आठवतो. शिकारीला बंदी असल्यामुळे आमचं महाविद्यालय प्राणिशास्त्राच्या नमुन्यांसाठी सस्तन प्राणी महामार्गावरून गोळा करी. मारायचं काम ट्रक करत, विज्ञान फक्त उचलून आणी. त्या सकाळी कपाशीच्या कडेला उदमांजराची मादी पडली होती, अंग अजून कोमट. माझ्या वर्गातली एक मुलगी तिला पिशवीत घालताना थबकली. "सर, इच्या थानात दूध हाय." सर खूश झाले. "सस्तन प्राण्याचं मुख्य लक्षण! सगळे पाहून घ्या." "पाहून काय घ्या जी? पिल्लू उपाशी मरून राह्यलं असंल कुठंतरी." ती झुडपांत शिरली आणि मोहाच्या ढोलीतून मुठीत मावेल एवढं पिल्लू घेऊन आली. घरी नेऊन तिनं त्याला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं, पण ते जगलं नाही. तिनं आणलेलं मेलेलं पिल्लू पाहून सर हळहळले आणि म्हणाले, बालावस्थेचा नमुना आपल्याकडे नव्हताच. तिनं एवढंच मागितलं, की त्याला आईच्याच बरणीत ठेवा. नमुने असे मिसळत नाहीत, असं सरांनी तिला समजावलं. आता तो वर्ग मी घेतो. त्या दोन बरण्या अजूनही वेगवेगळ्या फळ्यांवर आहेत.